चांदणी चौकातून पायी
दिल्लीचा चांदणी चौक पायीच पाहावा. सोबतीस एखादा स्नेही असावा, म्हणजे एकाच्या नजरेतून निसटलेले दुसऱ्यास दिसते. लाल किल्ल्यासमोर जैनांचे लाल मंदिर. शेजारचे गौरीशंकराचे देवालय मराठ्यांच्या पदरी असलेल्या अप्पा गंगाधराने १७६१ साली बांधले, असे सांगतात. पानिपतचेच ते वर्ष! महाराष्ट्रीय मनुष्याचे पाऊल येथे क्षणभर अडखळतेच. पुढे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, मग शीसगंज गुरुद्वारा. गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद १६७५ मध्ये येथेच झाला. लगतच्या सुनहरी मशिदीत बसून नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्लीची कत्तल पाहिली. त्याच जागी आज गुरुद्वाऱ्याच्या लंगरात वाटसरूस जात न विचारता जेवू घालतात, आणि घास हाती असतानाच शेजारची अजान कानी येते.