साथीचे रोग आणि आपण



इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, अशी मुलांची समजूत असते. दोष त्यांचा नाही, आम्ही शिक्षक तसेच शिकवितो. परंतु समाज घडविण्यात आणि मोडण्यात रोगराईचाही मोठा वाटा आहे. आपल्याच मुंबई-पुण्याचा प्लेग पाहा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी तेथे उंदीर. काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गावोगाव पळाले, आणि रोगही रेल्वेने त्यांच्याबरोबर गेला. १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. (२०२० साली करोनात वापरला तो हाच!) त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणे बंद झाले. पुण्यात तर गोरे सोजीर तपासणीसाठी घरांत शिरले. देवघर, माजघर, कशाचीच भीड राहिली नाही. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी प्लेग-अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या.

मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्यातील जुलाह्यांच्या, म्हणजे आपल्या विणकर बांधवांच्या वस्तीत एका आजारी मुलीवरून दंगल पेटली. परक्यांनी लेकीला उचलून न्यावे, हे कोणत्या बापाला सोसेल? मी त्यांना दोष देत नाही. पण रोगी लपविला की शेजाऱ्याचे घरही जाते, हेही तितकेच खरे.

वास्तविक साथीत कसे वागावे हे आपल्याला नवीन नव्हते. इ. स. ६३९ च्या सुमारास शाम देशात अमवासची साथ असताना हजरत उमर (रजि.) वाटेतून परत फिरले. साथीच्या गावी जाऊ नये आणि आपल्या गावी साथ असेल तर तेथून पळू नये, ही पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी त्यांना सांगितली.

१० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक तरीही भीत होते. तेव्हा अवघ्या विशीतले आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेतले आणि त्यांचे अनुयायी पुढे आले. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगने गेल्या. सोजिरांना बंद झालेली दारे अशा माणसांना उघडत होती.

आता माझी गोष्ट. सप्टेंबर २०२० मध्ये घरोघर तपासणीत राहुरीतील एक गल्ली माझ्याकडे होती. एका दारात उत्तर मिळाले, "सर, सगळे ठीक आहेत." आतून खोकला ऐकू येत होता. मी कागदावर 'कोणी आजारी नाही' असे लिहिले आणि पुढे गेलो. रात्री डोळा लागला नाही. सकाळी कागद घरी ठेवला आणि पत्नीला घेऊन गेलो. ती आत जाऊन खालांजवळ बसली. "नेलेला माणूस परत येत नाही, मय्यतसुद्धा देत नाहीत," हीच त्यांची भीती. तासाभराने त्यांनी बोट पुढे केले. प्राणवायू ८४! संध्याकाळी त्यांना नगरला हलविले. अकरा दिवसांनी खाला घरी आल्या.

त्यांचा मुलगा मला म्हणाला, "सर, आदल्या दिवशीच असे का नाही आलात?"