हूवरचे नाव आणि हूवरचे कामगार

परकी कंपनी परक्या बाजारपेठेत कशी टिकते, या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके किंमत, दर्जा आणि जाहिरात या तीन शब्दांत देऊन मोकळी होतात. धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचा, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरचा, ब्रिटनमधील इतिहास पाहिला तर हे उत्तर किती अपुरे आहे ते कळते. त्यात चौथा घटक येतो तो जकातीचा, आणि पाचवा कामगारांच्या संघटित शक्तीचा. या दोहोंविषयी व्यापारशास्त्राचे पंडित सहसा बोलत नाहीत.

गंमत अशी की हवेच्या ओढीने धूळ शोषून घेण्याची यांत्रिक युक्ती ब्रिटनमध्ये सिद्ध केली ती ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने, १९०१ साली. त्याचे अवजड यंत्र घोडागाडीवरून दारी येई आणि लांब नळ्या खिडकीतून आत सोडल्या जात. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने साफ केले होते. परंतु इंग्रजी भाषेत नाव रुजले ते अमेरिकेतल्या हूवरचे. ओहायो राज्यात कातडी सामान आणि घोड्यांचे साज बनवणाऱ्या हूवर कुटुंबाने जेम्स स्पँगलर नावाच्या एका सफाई कामगाराकडून त्याच्या हलक्या यंत्राचे हक्क घेतले. स्पँगलरला दमा होता आणि झाडताना उडणारी धूळ त्याला सोसवत नसे. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले; यंत्रावर नाव मात्र मालकाचे लागले. पुढे ब्रिटनमध्ये हे नाव इतके घरोघरी गेले की तिथे घर झाडण्याच्या क्रियेलाच 'हूवर करणे' म्हणू लागले. आपल्याकडे कोणत्याही यंत्रावर काढलेली प्रत 'झेरॉक्स' ठरते, तसाच हा प्रकार.

पण नुसते नाव रुजल्याने कारखाना उभा राहत नाही. पहिल्या महायुद्धानंतर हूवरची यंत्रे ब्रिटनमध्ये आयात होत होती. १९३१-३२ साली मंदीच्या तडाख्यात ब्रिटनने खुल्या व्यापाराचे आपले जुने धोरण सोडले आणि १९३२च्या आयात जकात कायद्याने बहुतेक मालावर दहा टक्के जकात बसवली. हूवरने जकातीची ही भिंत ओलांडण्याऐवजी तिच्या आत घर बांधले. लंडनच्या पश्चिमेला पेरिव्हेल येथे १९३३ साली कंपनीचा पांढराशुभ्र, महालासारखा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ केंबसलँग येथे, आणि १९४८ साली वेल्समधील कोळशाच्या पट्ट्यात मर्थिर टिडफिल येथे धुलाई यंत्रांचा, असे आणखी कारखाने निघाले. इंग्रज गिऱ्हाइकाला हूवर ही आपलीच कंपनी वाटू लागली ती या काळात. ही आपुलकी जाहिरातीने जेवढी निर्माण केली, त्याहून अधिक त्या कारखान्यांतून घरी जाणाऱ्या पगाराने केली, असे मानायला हरकत नाही.

ही भिंत जसजशी खाली आली तसतसा कंपनीचा मुक्कामही हलू लागला. पेरिव्हेलचे उत्पादन १९८२ साली थांबले; तिथे आज सुपरमार्केट आणि सदनिका आहेत. १९८९ साली हूवरची मालकी अमेरिकेच्या मेटॅग कंपनीकडे गेली. १९९२ साली ब्रिटनमधील व्यवस्थापनाने, शंभर पौंडांचा माल घेणाऱ्याला विमानाची दोन परतीची तिकिटे फुकट, अशी योजना काढली. तिकिटांची किंमत मालाहून जास्त! लोकांनी तिकिटांसाठी यंत्रे घेतली आणि न वापरताच विकायला काढली. कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला. या फजितीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कारण ती हसण्याजोगी आहे.

त्याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट हसण्याजोगी नव्हती. जानेवारी १९९३मध्ये हूवरने फ्रान्समधील दिजाँजवळचा कारखाना बंद करून ते काम केंबसलँगला नेण्याचे ठरवले. दिजाँत सुमारे सहाशे नोकऱ्या जाणार होत्या, स्कॉटलंडमध्ये सुमारे चारशे निर्माण होणार होत्या. बदल्यात तिथल्या कामगार संघटनेने वेतनवाढ गोठवणे, संपावर बंधने आणि नव्या कामगारांना मुदतीच्या नेमणुका, या अटी मान्य केल्या. फ्रान्समध्ये संताप उसळला. मास्ट्रिक्ट कराराच्या सामाजिक प्रकरणातून ब्रिटनच्या हुजूरपक्षीय सरकारने स्वतःला वगळून घेतले होते आणि त्याचेच हे फळ, असे म्हटले गेले. नेमकेपणाने पाहिले तर तो करार तेव्हा अमलातही आला नव्हता. तो आला नोव्हेंबर १९९३मध्ये. खरा फरक होता तो मालकाला कामगारामागे भराव्या लागणाऱ्या सामाजिक विम्याच्या रकमेत, आणि ती फ्रान्समध्ये बरीच जास्त होती. म्हणजे आजारपण आणि म्हातारपण यांची तरतूद करणारा समाज बाजारात 'महाग' ठरला.

केंबसलँगच्या कामगारांना फितूर म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. त्या वेळी ब्रिटनमध्ये सुमारे तीस लाख लोक बेकार होते, आणि क्लाइडकाठची जहाजबांधणी व पोलाद यांची वाताहत त्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती. दोन गावांतील कामगारांना एकमेकांविरुद्ध बोली लावायला बसवले गेले, आणि लिलाव पुकारणारा तिसराच होता. चूक दाखवायचीच तर संघटनांची दाखवावी लागेल. व्यवस्थापन दोन्हीकडे बोलत होते. संघटना मात्र आपापल्या देशाच्या सीमेत राहून वाटाघाटी करत होत्या.

देशी कंपनी असती तर असे झाले नसते, असा एक समज आहे. डायसनचे उदाहरण त्यासाठी पाहावे. जेम्स डायसनच्या बिनपिशवीच्या यंत्राला आरंभी ब्रिटनमध्ये उत्पादक मिळेना. ते १९८६च्या सुमारास आधी जपानमध्ये महागड्या किमतीला विकले गेले. १९९३ साली ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावाने आल्यावर त्याने हूवरला मागे टाकले, आणि २००० साली न्यायालयात पेटंटभंगाबद्दल हूवरला हरवलेही. स्वदेशी प्रतिभेचा विजय म्हणून त्याचे कौतुक झाले. २००२ साली मात्र याच कंपनीने माल्म्सबरीतले यंत्रांचे उत्पादन मलेशियाला नेले आणि सुमारे आठशे कामगार घरी बसले.

दिजाँच्या प्रकरणानंतर, सप्टेंबर १९९४मध्ये, युरोपीय समुदायाने एक निर्देश मंजूर केला. किमान हजार नोकर असलेल्या आणि किमान दोन सभासद देशांत प्रत्येकी दीडशे नोकर असलेल्या उद्योगांत, सर्व देशांच्या कामगारांचे संयुक्त मंडळ असावे आणि मोठ्या निर्णयांची माहिती देऊन त्याच्याशी विचारविनिमय करावा, अशी ती तरतूद होती. ब्रिटन आरंभी तिच्याही बाहेर राहिले आणि १९९७च्या सत्तांतरानंतर आत आले. ही तरतूद मोलाची खरी, पण तिने दिला तो सांगितले जाण्याचा हक्क; निर्णय अडवण्याचा नव्हे. शिवाय तिची हद्द युरोपपुरती. १९९५ साली युरोपातला हूवर इटलीच्या कँडी कंपनीने विकत घेतला, आणि पुढच्या दशकात केंबसलँगचे व्हॅक्यूम क्लीनर चीनमध्ये बनू लागले. त्या मंडळाच्या टेबलाभोवती चिनी कामगारासाठी खुर्ची नव्हती. २००७ साली ओहायोतला मूळ कारखानाही बंद झाला. आज अमेरिकेत हूवर हे नाव हाँगकाँगच्या एका कंपनीच्या मालकीचे आहे आणि युरोपात चीनच्या हायर उद्योगसमूहाच्या. ब्रिटनमधली घरे अजूनही 'हूवर' केली जातात.