अधिवेशन संपता संपता : विधेयक वाचायला शिकू या

(पुण्यात कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात १३ जुलै २०२५ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही आणि राज्यशास्त्रही शिकलेलो नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर लिहितो. तरी आज विधिमंडळावर बोलायला उभा आहे, कारण अधिवेशन सुरू झाले की मी एक साधी यादी ठेवतो. कोणते विधेयक मांडले गेले, ते कोणत्या सभागृहात आहे, समितीकडे गेले का, मंजूर झाले का. ही यादी तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर येते. तिच्यावरून जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे एकदा एकत्र द्यावीत म्हणून आजचा हा विषय.

पावसाळी अधिवेशन ३० जूनला सुरू झाले आणि येत्या शुक्रवारी, १८ तारखेला संपेल. कामकाजाचे पाच दिवस उरले आहेत. शेवटच्या आठवड्यात विरोधकांचा ‘अंतिम आठवडा प्रस्ताव’ येतो, लक्षवेधी सूचना असतात, रात्री उशिरापर्यंत सभागृह चालते. याच गर्दीत विधेयकेही असतात. सध्या विधानसभेत विरोधी पक्षनेताच नाही, त्यामुळे सरकारला थांबवून ‘हे कलम पुन्हा वाचा’ म्हणणारा आवाज आधीच क्षीण आहे. आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे : शुक्रवारी संध्याकाळी नवा बदल लाइव्ह करायचा नाही. कारण काही बिघडले तर दुरुस्त करायला माणसे जागेवर नसतात. कायद्याच्या बाबतीत बिघाड दुरुस्त व्हायला काही वेळा पन्नास वर्षे लागतात. त्याचे उदाहरण पुढे देतोच.

आधी ताजा विषय. गुरुवारी, १० जुलैला विधानसभेने आणि परवा शुक्रवारी विधान परिषदेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. आता ते राज्यपालांकडे जाईल. या विधेयकाचा प्रवास नीट पाहण्यासारखा आहे. ते पहिल्यांदा मांडले गेले ११ जुलै २०२४ रोजी, आणि दुसऱ्याच दिवशी अधिवेशन संपले. पुढे निवडणूक झाली, ते विधेयक बाद झाले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात ते पुन्हा मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे अध्यक्ष होते. लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या आणि बारा हजारांहून अधिक आल्या.

त्या सूचनांचा काही उपयोग झाला का, हा मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आहे. तीन बदल झाले. मूळ मसुद्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ असा उद्देश होता, तिथे आता ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असे आले. संघटना बेकायदेशीर ठरवण्याबाबतच्या सल्लागार मंडळाची रचना बदलली, उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतील. आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करेल. हे बदल किरकोळ नाहीत. पण ‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे काय, ही व्याख्या जवळपास तशीच राहिली. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणारे किंवा आणण्याची प्रवृत्ती असणारे कृत्य, कायद्याच्या अवज्ञेला प्रोत्साहन देणे, तिचा प्रचार करणे, हे सारे तिच्यात आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. बेकायदेशीर कृत्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

सरकारचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. शहरांत नक्षलवाद्यांच्या आघाडीच्या संघटना काम करतात, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशा या राज्यांत असे कायदे आहेत, आपल्याकडे नव्हता, असे ते म्हणते. गडचिरोलीत पोलीस आणि आदिवासी दोघेही मारले गेले आहेत, तो प्रश्न खोटा नाही. पण मी प्रोग्रामर म्हणून पाहतो तेव्हा मला उद्देशापेक्षा अट महत्त्वाची वाटते. प्रोग्राममध्ये वरती टिप्पणी लिहिलेली असते, ‘हे अमुक कामासाठी आहे’. संगणक टिप्पणी वाचत नाही, तो अट वाचतो. कायद्याचे उद्देशाचे वाक्य न्यायालय अर्थ लावताना बघेल, पण पहाटे दार वाजवणारा अधिकारी व्याख्येतले शब्द घेऊन येईल. आणि ‘तत्सम’ या शब्दात कोण कोण मावेल, हे पुढच्या सरकारांच्या हाती असेल.

विधानसभेत विरोध नोंदवणारे आमदार एकच होते, मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले. समितीच्या अहवालाला भिन्नमतपत्रिकाही जोडली गेली नाही. परिषदेत दुसऱ्या दिवशी विरोधकांनी सभात्याग केला. म्हणजे रस्त्यावर वर्षभर आंदोलने झाली, पण सभागृहाच्या कागदावर विरोधाची नोंद अगदी थोडी राहिली. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक ते कागद उघडेल तेव्हा त्याला काय दिसेल, याचा विचार करा.

आता नियमांकडे येतो. अनेकांना वाटते की अधिवेशन संपले की विधेयक संपते. तसे नाही. राज्यघटनेच्या १९६व्या अनुच्छेदानुसार अधिवेशन संस्थगित झाल्याने विधेयक बाद होत नाही, पुढच्या अधिवेशनात तिथूनच पुढे जाते. बाद होते ते विधानसभा विसर्जित झाल्यावर. विधानसभेत प्रलंबित असलेले, किंवा विधानसभेने मंजूर करून परिषदेत अडकलेले विधेयक तेव्हा संपते.

याची सर्वांत मोठी किंमत महाराष्ट्राने अंधश्रद्धाविरोधी कायद्यासाठी मोजली. ते विधेयक विधानसभेने २००५ मध्ये मंजूर केले. परिषदेत ते अडकले. २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि सारे पहिल्यापासून सुरू झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रत्येक अधिवेशनाच्या तोंडावर निवेदने देत, धरणे धरत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपुरात कायदा झाला. जे कित्येक वर्षांत होत नव्हते ते काही दिवसांत होऊ शकत होते, हे त्या आठवड्याने दाखवून दिले. ‘प्रलंबित’ या शब्दामागे प्रत्येक वेळी प्रक्रियाच असते असे नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जास्त जवळचे आहे. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने दोन वटहुकूम काढले. एक मराठा समाजासाठी सोळा टक्के आरक्षणाचा आणि दुसरा मुस्लिमांमधील मागास घटकांसाठी पाच टक्क्यांचा. निवडणूक तीन महिन्यांवर होती. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. मुस्लिमांच्या बाबतीत नोकऱ्यांमधील आरक्षण थांबवले, पण शिक्षणातील पाच टक्के चालू राहू दिले. आता अनुच्छेद २१३ लक्षात ठेवा : सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकुमाचा कायदा झाला नाही तर तो संपतो. सरकार बदललेले होते. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात मराठा आरक्षणाचे विधेयक आले आणि मंजूर झाले. मुस्लिम आरक्षणाचे विधेयक आणलेच गेले नाही. सहा आठवडे झाले आणि वटहुकूम संपला.

बघा, या प्रश्नावर कोणीही सभागृहात ‘नाही’ म्हणून मत दिले नाही. मतदानच झाले नाही. न्यायालयाने जे राखले होते, ते तारीख उलटल्याने गेले. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारच्या मंत्र्यांनी सभागृहात पुन्हा पाच टक्क्यांची घोषणा केली, पण कायदा झाला नाही. आजही आपल्याकडे सभांमध्ये या आरक्षणावर टाळ्या घेणारी भाषणे होतात. मला विचाराल तर त्या भाषणांपेक्षा त्या डिसेंबरात रोज नागपूरच्या कामकाजाची क्रमपत्रिका वाचणारी पाच माणसे जास्त उपयोगी पडली असती.

आता पन्नास वर्षांच्या दुरुस्तीची गोष्ट. १९४९ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. जातीतून, जमातीतून माणसाला वाळीत टाकणे बेकायदेशीर ठरवणारा हा फार पुढचा कायदा होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत वेगळे होते. बहुमताची अडचण अशी होती की निव्वळ धार्मिक कारणावरून केलेला बहिष्कारही या कायद्याने सरसकट बंद होत होता, आणि धर्मपंथाला आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा हक्क घटनेने दिलेला आहे. त्यानंतर महाराष्ट्राला नवा कायदा करायला २०१६ साल उजाडले. तो २०१७ पासून लागू झाला. या कायद्याने व्याख्या वेगळ्या तऱ्हेने केली. लग्नात, मयतीत, दुकानात, पाण्यावर, स्मशानात किंवा दफनभूमीत अडवणे अशी कृत्ये मोजून सांगितली. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दरम्यान बोहरा बहिष्काराचा मूळ प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला आहे.

यातून मी एक गोष्ट शिकलो. चांगल्या हेतूचा कायदाही व्याख्या फार रुंद असली की न्यायालयात पडतो, आणि त्याची वाट पाहणारी माणसे तशीच राहतात. म्हणून व्याख्या अरुंद आणि नेमकी असावी ही मागणी आपण आपल्याला आवडणाऱ्या विधेयकाबाबतही केली पाहिजे. जनसुरक्षा विधेयकावर टीका करताना आपण जो निकष लावतो, तोच तिथेही.

मग विधेयक वाचायचे कसे? माझी पद्धत सांगतो.

नाव आणि ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ शेवटी वाचा. आधी व्याख्यांचे कलम वाचा आणि त्यातले प्रत्येक ‘किंवा’ पेन्सिलने गोल करा. प्रत्येक ‘किंवा’ म्हणजे आत यायचा एक नवा दरवाजा असतो. मग निर्णय कोण घेते ते शोधा : मंत्री, अधिकारी, की न्यायाधीश. अपील कुठे, किती दिवसांत, ते पाहा. सुधारणा विधेयक असेल तर त्यात ‘अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल’ एवढेच लिहिलेले असते. मूळ कायदा शेजारी उघडून ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. आणि शेवटच्या पानांवर ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’ असते, ते कोणी वाचत नाही. सभागृहाला न विचारता पुढे नियम करून सरकार काय काय ठरवणार आहे, त्याची यादी तिथे मिळते.

सूचना पाठवायची असेल तर कलम क्रमांक लिहा, कोणता शब्द काढावा, त्याऐवजी कोणता घालावा ते लिहा, आणि कारण दोन वाक्यांत द्या. ‘हे विधेयक रद्द करा’ हे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे, ते जरूर म्हणा. पण त्याच पत्रात ‘रद्द होणार नसेल तर निदान कलम अमुक असे करा’ हेही लिहा. आमदाराला उभे राहून दुरुस्ती मांडायला तयार वाक्य लागते. ते त्याच्या हातात शेवटच्या आठवड्याच्या आधी पडायला हवे.

या सगळ्याने काही होते का, असे कोणी विचारेल. पहिलीपासून हिंदीचे दोन शासन निर्णय सरकारने २९ जूनला मागे घेतले. दुसऱ्या दिवशी अधिवेशन सुरू होणार होते. लोकांचा रेटा होताच, पण तारीखही बघा. सभागृहासमोर उभे राहावे लागणार, याचे ओझे सरकारला असते.

आणि १८ एप्रिल १९६६ आठवा. हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन तोंडी तलाकविरोधी मोर्चा कुठे घेऊन गेले? मुंबईच्या विधिमंडळावर. मागणी कायद्याची होती, म्हणून पत्ता कायदा करणाऱ्यांचा होता.

शेवटी महाडचे सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. चवदार तळ्याचे पाणी त्यानंतर चार वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसे तिथवर चालत गेली तेव्हा ओंजळीत आले. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला महाडात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन मंडपासाठी दिली. सभागृहातला ठराव, रस्त्यावरची माणसे आणि शेजाऱ्याने दिलेली जागा, अशा तिन्ही गोष्टी तिथे लागल्या.

पाच दिवस उरले आहेत. मी आठ विधेयकांच्या प्रती छापून आणल्या आहेत, मराठीत. चहानंतर दोघादोघांनी एकेक घ्यावी, व्याख्या वाचाव्यात, शंका माझ्या यादीत लिहाव्यात. मंगळवारपर्यंत आपापल्या आमदारांना पत्रे जायला हवीत. उर्दू वाचणाऱ्या साथींसाठी सारांश करायला मला दोन माणसे हवी आहेत. हात वर करा.