कुरणात भरलेली शाळा
(रेडिओवरील भाषण)

घोलवड स्टेशनावर उतरलं की दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या लागतात. डहाणू-घोलवडच्या या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मुंबईची मंडळी इथे उतरून सहसा बोर्डीच्या किनाऱ्याकडे जातात. आम्ही समुद्राकडे पाठ केली आणि कोसबाडच्या टेकडीचा रस्ता धरला. बालशिक्षणाबद्दल आज आपण जे जे मोठ्या कौतुकानं बोलतो, त्यातलं बरंचसं याच परिसरात, वारली मुलांच्या संगतीत, फारसा गाजावाजा न होता करून पाहिलं गेलं.

गोष्ट सुरू होते 1945 साली, खाली बोर्डीत. ताराबाई मोडक तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, नाव झालेल्या शिक्षणतज्ज्ञ. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, 1926 साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत असलेल्या, दादरला शिशुविहार उभं केलेल्या. तिथेच राहिल्या असत्या तरी कोणी बोट ठेवलं नसतं. पण मॉंटेसरीबाईंची पद्धत खेड्यातल्या गरिबाच्या पोराला परवडेल अशी करता येते का, हे त्यांना पाहायचं होतं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. लहानपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेल्या. दोघींची गाठ पडली ती कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात. तिथून अनुताई ज्या बोर्डीला आल्या, त्या पुढे 1992 साली जाईपर्यंत याच कामात राहिल्या.

हे 1945 साल लक्षात ठेवा. याच भागात त्या वर्षी गोदूताई आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले होते. वेठबिगार बंद करा आणि गवतकापणीला नीट मजुरी द्या, अशी त्यांची मागणी होती. गवतकापणीचा संप झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. म्हणजे ज्या कुरणांबद्दल मी पुढे बोलणार आहे, ती काही चित्रातली हिरवळ नव्हती. तिथलं गवत कोणी कापायचं आणि पैसा कोणी खायचा, यावरून रक्त सांडलं होतं. निसर्गाच्या सान्निध्यातलं शिक्षण असं आपण सहज म्हणून जातो. वारली पोराला निसर्गाचं सान्निध्य जन्मतःच होतं, त्याच्यापाशी नव्हती ती फुरसत आणि पोटभर भाकरी.

तेव्हा या दोघींनी केलं काय? बालवाडी काढली, तर वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच उठून वस्तीत गेली. कोणाचं तरी अंगण झाडायचं आणि तिथे बसायचं. सुरुवात अक्षरांनी नव्हे, अंघोळीनं. डोकी विंचरायची, नखं कापायची, नाकं पुसायची, मग गाणी आणि गोष्टी. अंगणवाडी ती हीच. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 1975 साली आली आणि हे नाव देशभर गेलं.

मॉंटेसरीची साधनं तेव्हा महाग आणि दुर्मीळ. इथे त्यांच्या जागी आले बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शंखशिंपले, चिंचोके, गुंजा, पानं, खडे. आम्ही गेलो त्या पाड्यावरही एका ओसरीत हाच खेळ चालला होता. बाईंनी सुपात मूठमूठ बिया ओतल्या आणि मुलांना म्हणाल्या, वेगवेगळ्या करा. माझी अपेक्षा अशी की रंगाप्रमाणे नाहीतर आकाराप्रमाणे ढीग पडतील. एक पाच-सहा वर्षांची मुलगी, कडेवर धाकटा भाऊ, एका हातानं बिया निवडत होती. तिनं चिंचोके एका बाजूला केले, सागरगोटे दुसऱ्या बाजूला, आणि गुंजा उचलून भावाचा हात पोचणार नाही अशा दूरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. का गं, असं विचारलं तर म्हणाली, "ह्या खायच्या नाहीत." गुंज विषारी असते. लालबुंद आणि देखणी, पण लहान मुलाच्या तोंडात जाता कामा नये. चिंचोके भाजून खायचे, सागरगोटे खेळायचे, गुंजांपासून भावाला जपायचं, असं तिचं वर्गीकरण. बाईंनी ते दुरुस्त केलं नाही. तिच्याकडून प्रत्येक ढीग मोजून घेतला आणि पाटीवर आकडे लिहायला लावले. मला विचाराल तर तिथला सगळा शिक्षणविचार त्या न केलेल्या दुरुस्तीत होता.

आणि तो कडेवरचा भाऊ! शाळेत येणाऱ्या मुलीच्या कडेवर भावंड असणार, हे टेकडीवरच्या विकासवाडीनं पहिल्यापासून गृहीत धरलं. बोर्डीचं काम 1950 च्या दशकात कोसबाडला हललं, तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकींना जोडून बांधल्या गेल्या, हीच विकासवाडी. तान्हं पाळण्यात ठेवलं की ताई वर्गात बसायला मोकळी. मुलींची गळती थांबवायच्या आजच्या कित्येक योजनांना हे साधं कोडं अजून नीटसं उलगडलेलं नाही.

तरी काही मुलं उरलीच. सकाळी गुरं सोडली की दिवेलागणीला परतायची, अशी. त्यांना शाळेत आणायचं तर गुरं कोण पाहणार? गुरांकडे दुर्लक्ष झालं आणि ती कोणाच्या शेतात शिरली, तर मार पोरालाच. आईबापांना मुलाच्या भविष्याबद्दल भाषण देऊन यावर उपाय निघत नाही. शिक्षकच उठून कुरणात गेले. गुरं चरताहेत, पोरांचा एक डोळा त्यांच्यावर, आणि तिथेच अक्षरं, आकडे, गाणी, गोष्टी. हीच कुरणशाळा. कामात अडकलेल्या मोठ्या मुलांसाठी रात्रशाळाही होत्या. मुलाच्या दिवसात जिथे फट सापडेल तिथे शाळा शिरायची, हा त्यामागचा हिशेब. पुढे ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या, त्यांचाही हिशेब हाच. दिवाळीनंतर पाडाच्या पाडा भट्टीवर जातो, मग गावातली शाळा उघडी राहून उपयोग काय?

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 साली पद्मश्री. सत्कार आपण मनापासून करतो, त्यात आपला हात धरणारा कोणी नाही. त्यांची रीत मात्र भलतीकडेच गेली. बिया, माती, झाडाखालचा वर्ग हे सारं आता शहराबाहेरच्या निसर्गशाळांत मिळतं, आणि तिथली फी ऐकून वारली बाप हसेल. इकडे वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात, असा प्रस्ताव 2023 साली राज्य सरकारनं पुढे आणला. मुलांना गाडी देऊ, मोठ्या शाळेत सोयी जास्त, असा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नाही. दोन मुलांच्या वर्गात मूल एकटं पडतं, हे खरंच आहे. पण गाडी ठरलेल्या वेळी येते आणि निघून जाते. पाड्यावरच्या मुलीची सकाळ त्या वेळेवर चालत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे, ते उगाच नाही.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती. आपल्या गावातली किंवा शेजारच्या वाडीवरची लहान शाळा बंद व्हायच्या यादीत आली, तर ग्रामसभेला जरूर जा. तिथे पटाचा आकडा वाचून दाखवतील. तो ऐकून घ्या आणि मग विचारा की यातली किती मुलं सकाळी गुरांमागे जातात, किती जणींच्या कडेवर भावंड असतं, आणि दिवाळीनंतर किती जण भट्टीवर असतात. उत्तरं इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.