वाटेचं पुस्तक आपणच लिहू
(मुक्ताईनगर येथील मेळाव्यात केलेलं भाषण)



मला प्रवासाची पुस्तकं वाचायचा नाद आहे. घर सोडून हलता येत नव्हतं, त्या वर्षांत मी पुस्तकांतूनच हिंडले. म्हणून आज त्यांच्याबद्दलच बोलते.

खानदेशाचं जाडजूड गॅझेटियर इंग्रज सरकारने १८८० साली काढलं. नद्या, पिकं, बाजार, देवळं सगळं त्यात मांडलंय. आज माझ्या हाती येतात त्या मार्गदर्शिकाही त्याच वळणाच्या. मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. कोथळी आणि मेहूणची मुक्ताईची देवळं. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं दगडी देऊळ. भुसावळहून कसं यायचं. हे सगळं असतं. पण शेवटची एस.टी. किती वाजता? बायकांसाठी संडास कुठे? पाळी आली तर कपडा बदलायला आडोसा आहे का? एकट्या बाईला खोली देतात का? याबद्दल एक ओळ नसते. प्रवासी म्हणजे पुरुष, किंवा पुरुषाबरोबरची बाई, असं धरूनच ती लिहिलेली असतात.

एकदा मी परगावी एकटी गेले. पुस्तकात लॉजचं नाव होतं. मालकाने विचारलं, "बरोबर कोण आहे?" म्हटलं, "कोणी नाही." खोली मिळाली नाही. रात्र स्टँडवर भाजीवाल्या बायांजवळ बसून काढली. कुठला नळ चांगला, कुठल्या कोपऱ्यात उजेड असतो, कुठल्या बाजूला जायचं नाही, हे त्यांनी मला सांगितलं. माझी खरी मार्गदर्शिका त्याच होत्या.

बाई प्रवास करते तेव्हा तिला वेगळं दिसतं. पंडिता रमाबाई लहानपणापासून आईवडिलांबरोबर देशभर पायी फिरल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८९ साली त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' निघालं. नुसती प्रेक्षणीय स्थळं सांगून त्या थांबल्या नाहीत. तिथल्या बायकांचं शिक्षण, त्यांची कामं, त्यांच्या संस्था यांचा त्यांनी हिशेब मांडला. परक्या देशात जाऊन काय बघायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

आता आपल्याकडे या. मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते, बुलढाणा, जालना, बीडवरून पंढरपूरला पोचते. महिनाभराची पायी वाट. दिंडीतल्या आपल्या आया-मावश्यांना त्या वाटेवरचा एकेक मुक्काम पाठ असतो. पाणी कुठे गोड, कुठल्या गावात अंघोळीची सोय, कोणत्या ओसरीवर निर्धास्त झोप लागते. अक्षर येत नसेल, पण एवढी माहिती कोणत्या पुस्तकात आहे? ती म्हातारी गेली की तिच्याबरोबर सगळं जातं.

मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. पैशाची अडचण थोडी हलकी झाली. भीतीची आणि परवानगीची झालेली नाही. माहिती असली की भीती कमी होते, आणि परवानगी मागायची सवयही हळूहळू सुटते.

म्हणून एक काम सांगते. दोनशे पानी वही घ्या. दिंडीला गेलेल्या, माहेरी-बाजारी एकटीने जाणाऱ्या बायांना विचारा आणि लिहून घ्या. गाव, वेळ, पाणी, संडास, निवारा. खोली नाकारली असेल तर तेही लिहा. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने लिहावं. पुढच्या मेळाव्याला वह्या घेऊन या. आपल्या मुलींच्या हातात ते पुस्तक पडलं पाहिजे.