बंदूक, गळ आणि ओटीतली भाजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी ‘रानातले ताट’ ह्या कार्यक्रमात झालेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई महिन्यापूर्वी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “तुमचे माहेर अकोटचे, वडील शिकारीचे शौकीन. तेव्हा ह्या कार्यक्रमातले शेवटचे भाषण तुमचे.” मी घाबरलेच. म्हटले, “अहो, मी बंदुकीला कधी बोटसुद्धा लावले नाही. मी फक्त मसाला वाटला.” त्यावर त्या हसून म्हणाल्या, “मग मसाल्याचेच सांगा.” म्हणून आज मी पाट्यावरवंट्याच्या बाजूने बोलणार आहे. बंदुकीच्या बाजूचे तुम्ही आत्ताच ऐकले आहे.

माझ्या आधी बोलणाऱ्या आजोबांनी सांबराची हकिगत सांगितली. ती ऐकताना मला माझे वडील आठवले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादा वकिली करीत आणि सुट्टी लागली की नरनाळ्याच्या बाजूला जात. त्या काळी जंगल खात्याचा परवाना काढून शिकार करता येत असे. आमच्या ओसरीवर मग मित्रमंडळी जमत आणि रात्री बारापर्यंत गोष्टी रंगत. कोणाचा ससा, कोणाचे तितर, कोणाचे काळवीट. आणि दर खेपेला जनावर हातभर वाढत असे. आजोबांनी मात्र आज वेगळे केले. गोळी लागून रक्त सांडत झाडीत गेलेले आणि दुसऱ्या दिवशीही न सापडलेले सांबर त्यांनी आपल्यापुढे मांडले, आणि “ते अजून डोळ्यांपुढून जात नाही” असे म्हणाले. ओसरीवरच्या गप्पांत असली गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. ती सांगायला बंदूक चालवण्यापेक्षा अधिक धैर्य लागते. आजोबा, मी आपली आभारी आहे.

आता आमच्या घरची शिकार शिजे कशी, ते सांगते. ती स्वयंपाकघरात कधीच आली नाही. देवघर लागूनच होते, तेव्हा परसात तीन दगडांची चूल मांडायची, पातेली वेगळी, पळ्या वेगळ्या, आणि शिजवणारे पुरुष. आई आतून कांदा-खोबरे भाजून, खसखस नि लाल मिरची वाटून गोळा द्यायची आणि भाकरी थापायची. जेवणे झाली की कौतुक कोणाचे? नेम धरणाऱ्याचे! वाटणाचे नाव कोणी काढले नाही, आणि आईने त्याची खंतही केली नाही.

साल १९५९. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आषाढ लागला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे शेत होते, तिथे पेरलेल्या भुईमुगाचे दाणे रानडुकरे रातोरात उकरून खात. अमरावतीहून दादांचे चार मित्र बंदुका घेऊन आले. म्हणाले, “तीन रात्री जागल करू, डुकरांचा बंदोबस्त करू आणि मेजवानीही करू.” आई आणि आम्ही पोरे त्यांच्यासाठी स्वयंपाकपाणी पाहायला शेतावर गेलो. पहिल्या रात्री पाऊस. दुसऱ्या रात्री त्याहून मोठा पाऊस. नाला असा भरून आला की अकोटची वाट बंद झाली. डुकरे काही आली नाहीत. शहाण्या जनावराने असल्या पावसात यावे तरी का? तिसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यात जवारीचे पीठ आणि बरणीत डाळ एवढेच उरले. भाजी नाही, बटाटा नाही, आणि खाणारी तोंडे अकरा.

आमच्या सालदाराची बायको, आम्ही तिला मावशी म्हणत असू, त्या दुपारी पाऊस थोडा उघडला तशी बाहेर पडली. तासाभराने परतली तेव्हा तिची ओटी फुगलेली होती. एका बाजूला तरोट्याचे कोवळे शेंडे, दुसऱ्या बाजूला कुंजर, आणि वर दोन मुठी कटुले. आईने तरोटा बारीक चिरला, भिजवलेली डाळ घातली, भरपूर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी दिली. कुंजराची डाळभाजी केली. कटुल्याच्या चकत्या तव्यावर परतल्या. गरम भाकरी आणि ठेचा. बंदुका कोपऱ्यात उभ्या, आणि ते चारही साहेब बोटे चाटून जेवले.

त्याच संध्याकाळी माझे मामा गळ आणि जाळे घेऊन नाल्याकडे निघाले. पहिल्या पुराबरोबर मासे वरच्या अंगाला चढतात. हाताने धरावेत इतके मिळतात. मावशी वाटेत उभी राहिली आणि म्हणाली, “पोटुशीले मारू नाई, साहेब. पानी उतरल्यावर धरा.” मामा हसले, पण परत फिरले. पुढे मला कळले की मावशीचे म्हणणे शास्त्राला धरून होते. चढणीचे मासे अंडी घालण्यासाठीच वर जातात. त्यांना धरले की एका माशाबरोबर पुढची सगळी वीण जाते. मरळीचेही तसेच. तिची तांबूस पिले पाण्यात झुपक्याने फिरतात आणि आईबाप खालून राखण करतात. अशा वेळी गळ टाकला तर आईबाप हाती लागतात आणि पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. पूर्णेच्या डोहावर जन्म घालवलेले मामा म्हातारपणी सांगत, “मला मासेमारी भोयांनी शिकवली, पण कधी धरू नये ते मावशीने शिकवले.”

भगिनींनो, त्या तीन रात्रींची गोष्ट दादांनी पुढे पंचवीस वर्षे सांगितली. त्यात पाऊस होता, नाला होता, डुकरांचे पायरव होते. मावशीची ओटी मात्र त्यात कधीच आली नाही. दादा मनाने वाईट नव्हते. भाजी खुडून आणणे हीसुद्धा सांगण्याजोगी गोष्ट आहे, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. आणि खरे सांगते, माझ्याही ध्यानात यायला साठ वर्षे लागली.

बंदुकीचे दिवस संपले, ते योग्यच झाले. भारतातला चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते. दादांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि दुर्बीण घेतली. रोही आणि डुकरे आजही शेतकऱ्याला रडवतात, ते दुःख खरे आहे. पण त्याचा मार्ग वन खात्याच्या परवानगीने आणि भरपाईने काढायचा आहे, हौसेने नव्हे. नेलेला चित्ता परत आणायला २०२२ साली आफ्रिकेपर्यंत जावे लागले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे.

आता माझा प्रश्न असा, की गेलेली भाजी कोठून आणाल?

गेल्या वर्षी आषाढात मी शेतावर गेले होते. मावशी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिची नात आज रोजमजुरीने सोयाबीन निंदायला आणि कापूस वेचायला जाते. मी तिला म्हटले, “बाई, थोडा कुंजर मिळेल का ग?” ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, “काय सांगू माय, आता धुऱ्यावर काईच रायलं नाई. फवारा मारला का समदं जयून जाते.”

मी घरी येऊन विचार केला. तणनाशकाच्या हिशेबाने कुंजर, केना, घोळ, तरोटा, काटेमाठ ही सारी तणे. निंदणाऱ्या बाईच्या हिशेबाने ती संध्याकाळची भाजी. पूर्वी ती निंदता निंदता तण वेगळे काढी. खाण्याजोगे ओटीत, बाकीचे बांधावर. फवारणीने निंदणीचा खर्च वाचला हे मी नाकारत नाही. मजूर मिळत नाहीत आणि शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला आलेला आहे. पण त्या वाचलेल्या पैशात एका बाईची मजुरीही गेली आणि तिच्या घरची फुकटची भाजीही गेली, हे कोणत्याच हिशेबाच्या वहीत लिहिलेले नाही.

डोंगरावरही तेच आहे. आपल्या बाळंतिणीच्या लाडवात धावड्याचा डिंक लागतो, गोडंबी लागते, चारोळी लागते. गोडंबी पांढरीशुभ्र दिसते, पण बिब्बा फोडणाऱ्या बायांचे हात त्याच्या तेलाने भाजलेले असतात. मोहाचे नाव काढले की आपण नाक मुरडतो आणि दारूच आठवतो. परंतु कोरकू घरांत वाळवलेले मोहफूल टंचाईच्या महिन्यांत पोटाला आधार देत आले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने असल्या गौण वनउपजावर तिथल्या लोकांचा हक्क मान्य केला. बाजारात घासाघीस करताना एवढे तरी आपण आठवावे.

रानभाजीचे कौतुक करताना एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. रानातले म्हणजे सारे निर्धोक, असे समजू नका. कोवळा धोतरा पालेभाजीत मिसळला तर विषबाधा होते. अळंबीजवळ लसूण किंवा चांदीचे नाणे ठेवून विष ओळखता येते, ही समजूत साफ खोटी आहे. ओळखणारे माणूस जवळ नसेल तर अळंबी खाऊच नये. बांबूचे वास्ते चिरून, पाणी बदलून, नीट उकळूनच खावेत. फवारलेल्या शेतातली किंवा गटाराकाठची भाजी कितीही टवटवीत दिसली तरी घरात आणू नये.

आणि घेण्याचीही एक रीत आहे. मावशी तरोटा कधी मुळासकट उपटत नसे, शेंडा खुडी. कटुल्याचा कंद जमिनीत वर्षानुवर्षे राहतो आणि पावसाबरोबर त्यालाच वेल फुटतो. म्हणून कंद खणायचा नाही. त्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. “ह्याला फळ येत नाही” म्हणून नर वेल उपटला तर पुढे मादीलाही फळ धरत नाही. वास्ते घेताना बेटात काही कोंब सोडायचे, नाहीतर नवा बांबू कोठून येणार? परवाना काढून शिकार करणाऱ्यांना सरकारने नियम घालून दिले होते. मावशीने स्वतःला स्वतःच घालून घेतले होते.

आपल्या ऋषिपंचमीचा अर्थ मला आता अधिक कळतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. पोळ्याला बैलाची पूजा करायची आणि पाच दिवसांनी त्याच्या घामाशिवाय जमीन काय देते, ते ताटात घ्यायचे. वर्षातून एकदा तरी घरच्या बाईला न नांगरलेल्या जमिनीची ओळख राहावी, अशी ती सोय दिसते. आज आपण त्या दिवशी भाजी बाजारातून आणतो. ती कोठे उगवली, कोणी खुडली, हे विचारत नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन लहान सूचना आहेत. पहिली, मंडळाने एक वही घालावी. तीत प्रत्येकीने आपल्या आई-आजीकडून ऐकलेली एक रानभाजी लिहावी. नाव, महिना, ओळखण्याची खूण, शिजवण्याची रीत आणि ज्या बाईने ती दाखवली तिची आठवण. दुसरी, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी घरच्या पुरुषमंडळींना सांगून निदान एक धुरा फवारणीतून वगळावा. तिसरी सर्वांत सोपी. आषाढ-श्रावणात बाजाराच्या कडेला गोणपाटावर तरोटा, कटुले, चिवळ मांडून बसलेली बाई दिसेल. तिच्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नका. जमल्यास तिच्याजवळ दोन मिनिटे बसा आणि विचारा, “मावशी, ही कशी ओळखायची?”

आज ताटात जो तरोटा तुम्ही खाल्लात, तो मावशीच्या नातीनेच आणून दिला. चार कोस हिंडावे लागले तिला. मी तिला कार्यक्रमाला बोलावले होते, पण निंदणीचा दिवस मोडत नाही म्हणाली. पुढल्या वर्षी कार्यक्रम रविवारी, संध्याकाळी ठेवावा आणि शेवटचे भाषण तिचे असावे, अशी अध्यक्षबाईंना माझी विनंती आहे. मी तेव्हा समोर बसून ऐकेन.