पायी चालणाऱ्यांचीही मोजणी हवी

आम्ही आकुर्डीच्या एका बचत गटातल्या बायका बोलतोय. आमच्या आकुर्डीतून जुना पुणे-मुंबई रस्ता जातो. कारखान्याची पाळी सुटायच्या वेळी लेकराचा हात धरून पलीकडे जायचं, म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो.

एक दिवस रस्त्याच्या कडेला एक मुलगा कागद घेऊन बसलेला दिसला. दर गाडीला एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. आम्ही विचारलं, "काय रे, काय मोजतोस?" म्हणाला, "वाहनं." रस्ता किती रुंद हवा, खडी-डांबराचा थर किती जाड हवा, सिग्नल कुठे हवा, हे या आकड्यांवरून ठरतं. काही ठिकाणी रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकतात. चाक गेलं की यंत्रात नोंद होते.

शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसनं पद्धत घालून दिली आहे. वर्षातून दोनदा, एकदा सुगीत आणि एकदा एरवी, सलग ७ दिवस रात्रंदिवस मोजायचं. म्हणजे बाजाराचा दिवस सुटत नाही. सगळी वाहनं सारखी जागा अडवत नाहीत, म्हणून मोटारीला १ धरलं तर मोटारसायकलला अर्धा, ट्रक-बसला ३, ट्रॅक्टर-ट्रॉलीला साडेचार आणि बैलगाडीला ८.

आम्ही म्हटलं, यात डोक्यावर पाटी घेऊन चालणारी बाई कुठे आहे? तिची मोजणी वेगळी करावी लागते. त्याचाही हिशेब आहे. गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणारी माणसं मोजा. त्या आकड्याला वाहनांच्या आकड्यानं गुणा, आणि पुन्हा एकदा वाहनांच्याच आकड्यानं गुणा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर १० कोटींच्या वर गेलं, तर तिथे वाहनं थांबवून माणसांना वाट देण्याची मागणी धरता येते. तासाला १,००० वाहनं असतील, तर १०० माणसांनाच १० कोटी भरतात. दुभाजक असेल, तर २० कोटी लागतात.

मग आम्हीही वही घेऊन बसलो. दोघी वाहनं मोजत होत्या, दोघी माणसं; म्हाताऱ्या आणि शाळेची मुलं वेगळ्या रकान्यात. तुम्हीही गटाच्या पुढच्या बैठकीत पाळ्या लावा. शाळा सुटताना एक तास, बाजाराच्या दिवशी एक तास. तारीख, वेळ, जागा लिहा, सगळ्याजणींच्या सह्या घ्या आणि अर्जाला जोडून ग्रामसभेत द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आणि मोजताना रस्त्यापासून लांब, सावलीत बसा, बरं का.